लॅपटॉपचं झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला का?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्टचा डेमो होता. रात्री बॅटरी ७० टक्के होती. झाकण लावलं, लॅपटॉप बॅगेत टाकला आणि झोपलो. सकाळी कॉलेजात बॅग उघडली तर लॅपटॉप चांगलाच तापलेला आणि बॅटरी ४ टक्के. चार्जर हॉस्टेलवर! डेमो कसाबसा मित्राच्या लॅपटॉपवर उरकला.

चूक माझीच होती. झाकण लावलं की लॅपटॉप बंद होतो, असं मी धरून चाललो होतो.

नेमकं काय होतं?

विंडोजचा लॅपटॉप झाकण लावल्यावर सहसा 'स्लीप'मध्ये जातो. स्क्रीन बंद होते, पण तुमचं उघडं काम रॅममध्ये असतं आणि ते टिकवायला वीज लागतेच. बरेच नवे लॅपटॉप तर स्लीपमध्येही फोनसारखे नेटला जोडलेले राहू शकतात. मग एखादं अपडेट किंवा ॲप त्याला मध्येच जागं करतं आणि बॅटरी उतरत राहते.

'हायबरनेट'चं तसं नाही. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून ठेवलं जातं आणि लॅपटॉप जवळपास पूर्ण बंद होतो. परत चालू केलात की सगळ्या विंडो होत्या तशा समोर येतात. चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच.

विंडोज ११ मध्ये सेटिंग कसं बदलायचं?

१. स्टार्टमध्ये 'कंट्रोल पॅनल' शोधा आणि त्यातलं 'पॉवर ऑप्शन्स' उघडा.
२. डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ'वर क्लिक करा.
३. झाकणाच्या ओळीत 'ऑन बॅटरी'खाली 'हायबरनेट' निवडा. 'प्लग्ड इन'खाली 'स्लीप' राहू दिलं तरी चालेल.
४. 'सेव्ह चेंजेस' दाबा.

यादीत 'हायबरनेट' दिसतच नसेल, तर लॅपटॉप बॅगेत टाकण्याआधी काम सेव्ह करून सरळ शटडाउन करा.

लगे हात हेही करा

सेटिंग्ज, सिस्टिम, मग 'पॉवर अँड बॅटरी' इथे जा. बॅटरीवर असताना स्क्रीन ३ मिनिटांत बंद होईल असं ठेवा. 'पॉवर मोड'मध्ये 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' निवडा. नोट्स लिहायला, लेक्चर बघायला तेवढं पुरतं. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करताना मात्र लॅपटॉप मंद वाटेल, तेव्हा मोड बदला. तिथेच खाली कोणतं ॲप किती बॅटरी खातंय तेही दिसतं.

आज रात्री झाकण लावण्याआधी बॅटरीचे टक्के लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. फरक लगेच कळेल. आणि हो, परीक्षा किंवा इंटरव्ह्यू असेल तर चार्जर बॅगेत टाकाच!