तीन शिलिंग आणि एक रुपया : घरातली जुनी ब्रिटिश नाणी कशी वाचावीत

आपल्या बेळगाव भागात 'ब्रिटिश नाणं' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे राणीछाप किंवा राजाछाप रुपया येतो. खरं तर ते नाणं भारताचंच. ते मुंबईच्या नाहीतर कलकत्त्याच्या टांकसाळीत पडलेलं असतं आणि त्यावर रुपया असं स्पष्ट लिहिलेलंही असतं. हा लेख त्या कलदार रुपयाबद्दल नाही, म्हणजे मुख्यतः नाही. जुन्या घरांतल्या डब्यांत ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, रुपये यांच्यात मिसळून कधी कधी एखादं नाणं वेगळंच निघतं. राजाचं तोंड तेच, पण मागे मुकुटावर उभा सिंह, किंवा ढाल आणि त्रिशूळ घेतलेली बाई. ही खुद्द इंग्लंडच्या चलनातली नाणी. कोणी कॅम्पात गोऱ्या साहेबाकडे नोकरीला होता, कोणी बोटीवर खलाशी होता, कोणी शिकायला विलायतेला गेला होता. ती आली अशीच, एकेक दोन-दोन करून.

ही नाणी जमवायचा छंद मला बरीच वर्षं आहे. मंडळाकडे ओळख पटवायला लोक नाणी आणतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "याचे किती येतील?" प्रश्नात गैर काही नाही. पण उत्तर बहुतेक वेळा निराश करणारं असतं, आणि मग ते नाणं सराफाकडे जातं, वजनावर मोडलं जातं. म्हणून इथे किमतीपेक्षा नाण्यातल्या चांदीबद्दल सांगतो. इंग्लंडचा शिलिंग आणि आपला रुपया यांची कुंडली या चांदीमुळे एकमेकांत गुंतलेली आहे, आणि ती कळली की चार नाण्यांचा संग्रहसुद्धा पुष्कळ बोलतो.

आधी हिशेब समजून घेऊ. इंग्लंडात १९७१ पर्यंत १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड होता. दोन शिलिंगांच्या नाण्याला फ्लोरिन म्हणत, अडीच शिलिंगांच्या नाण्याला हाफ-क्राऊन. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्स, असा धरून ठेवला. तेव्हा एक आणा म्हणजे बरोबर एक पेनी! हिशेबाला इतकं सोयीचं नातं पुन्हा जमलं नाही.

आता तराजू घ्या. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. जुन्या फ्लोरिनचं वजन ११.३१ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी १०.४६ ग्रॅम. म्हणजे रुपयात चांदी थोडी जास्तच. पण दर्शनी किंमत बघा : फ्लोरिन २४ पेन्सचा आणि रुपया १६ पेन्सचा. दोन्ही नाणी हातात घेऊन हे सांगितलं की लोक चकित होतात. इंग्लंडच्या नाण्यात चांदीपेक्षा सरकारचा शब्द बराच जास्त होता, आपल्या रुपयात तो कमी होता.

चांदी स्वस्त होती तोवर याचं कोणाला काही वाटलं नाही. १९१५ मध्ये लंडनच्या बाजारात चांदीचा भाव औंसाला पंचवीस पेन्सच्या आसपास होता. मग महायुद्ध लांबलं. भारतातून माल प्रचंड प्रमाणात जात होता, त्याचे पैसे रुपयांत चुकवायचे होते, सैन्याचा पगार रुपयांत द्यायचा होता. रुपये पाडायला चांदी पुरेना आणि भाव चढत गेला. चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की रुपया चालवण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं होतं. ही रेषा १९१७ मध्ये ओलांडली गेली. त्याच वर्षी सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली, रुपयाचा भाव १६ पेन्सवरून १७ वर नेला आणि एक रुपयाची कागदी नोट काढली. १९१८ च्या सुरुवातीला अडीच रुपयांची नोट आली. पाठोपाठ निकेलची दोन, चार आणि आठ आण्यांची नाणी आली. अडीच रुपये ही रक्कम आज विचित्र वाटते, पण १५ रुपयांच्या पौंडाच्या ती बरोबर सहावा हिस्सा आहे.

तरीही भागेना, तेव्हा अमेरिकेने हात दिला. एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्याने तिथल्या सरकारी तिजोऱ्यांत पडून असलेले चांदीचे डॉलर वितळवायला परवानगी मिळाली. त्यातली सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटनला भारतासाठी विकली गेली आणि इथे तिचे रुपये पाडले गेले. १९१८ आणि १९१९ चे पंचम जॉर्जचे रुपये आजही इतक्या सहज मिळतात, ते या धांदलीमुळेच. तुमच्या आजीच्या डब्यातला १९१८ चा रुपया आधी अमेरिकन डॉलर असणं अगदी शक्य आहे.

हीच लाट मग इंग्लंडवर आली. तिथल्या नाण्यांसाठी ती रेषा औंसाला ६६ पेन्स होती. फेब्रुवारी १९२० मध्ये भाव ८९ पेन्सच्याही वर गेला आणि फ्लोरिन, शिलिंग सगळीच नाणी वितळवण्याच्या भावाची झाली. पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा करून नाण्यांतली चांदी ९२.५ टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर आणली. शेकडो वर्षांचं स्टर्लिंग चांदीचं प्रमाण, आठव्या हेन्रीच्या आणि त्याच्या मुलाच्या काळातला गोंधळ सोडला तर टिकून राहिलेलं, ते असं संपलं.

हे सगळं पाहायला शिलिंग हे नाणं सर्वांत चांगलं. तिसऱ्या जॉर्जच्या वेळी, १८१६ मध्ये, त्याचं वजन ठरलं ५.६६ ग्रॅम, आणि ते शेवटपर्यंत तेच राहिलं. आकारही जवळजवळ तोच. बदलला तो फक्त धातू. म्हणून तीन शिलिंग शेजारी शेजारी ठेवायचे : एक १९१९ चा किंवा त्याआधीचा, एक १९२० ते १९४६ मधला, आणि एक १९४७ नंतरचा. पहिल्यात शुद्ध चांदी ५.२३ ग्रॅम, दुसऱ्यात २.८३, तिसऱ्यात शून्य, तिथे नुसतं तांबं आणि निकेल. पहिला जुना होतो तसा करडा, मऊ दिसतो. दुसरा, विशेषतः १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांतला, उंचवट्यांवर झिजला की पिवळट होतो. तिसरा थंड, पांढरा, आपल्या जुन्या पन्नास पैशांसारखा. लाकडावर हळूच टाकून पाहिलं तर आवाजातला फरक कानालाही कळतो, पण चांगलं नाणं असेल तर हा प्रयोग करू नये. तारीख वाचता येते ना? मग पुरे.

इथेच घरातल्या माणसांची फसगत होते. दुसऱ्या प्रकारचा शिलिंग सराफाकडे नेला की तो दगडावर कस लावून म्हणतो, "यात निम्मी भेसळ आहे." तो खरंच बोलतो. मात्र ऐकणाऱ्याला वाटतं नाणं खोटं आहे, आणि ते पोरांना खेळायला दिलं जातं. शहापूरच्या सराफी पेढीवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. नाणं अस्सल असतं, भेसळ कायद्याने केलेली असते. शिवाय कसोटीची रेघ नाण्यावर कायमची राहते, म्हणून तारीख दिसत असेल तर कस लावायला देऊच नये.

तिसरा टप्पा दुसऱ्या महायुद्धाचा. आपल्या रुपयातली चांदी १९४० मध्येच निम्म्यावर आली होती. पुढे अमेरिकेने उसनवार कराराखाली पुन्हा चांदी दिली, भारताला २२ कोटी औंसांहून जास्त आणि ब्रिटनला ९ कोटींच्या आत. अट एकच : युद्ध संपल्यावर चांदीच परत करायची. ती परत द्यायची तर चलनातच तिला हात घालणं भाग होतं. १९४७ पासून ब्रिटनने नाण्यांतली चांदी पूर्ण काढली आणि जुनी नाणी चलनातून गोळा करून वितळवली. आपल्याकडेही १९४७ चा रुपया निकेलचा निघाला, मागे वाघ असलेला. दोन देश वेगळे होत होते त्याच वर्षी दोघांच्याही नाण्यांतून एकाच सावकाराच्या देण्यापायी चांदी गेली.

यातून संग्राहकासाठी एक गोष्ट निघते. इंग्लंडात चलनात होती ती चांदीची नाणी मोठ्या प्रमाणावर भट्टीत गेली. जी १९४७ च्या आधीच कोणाच्या खिशातून समुद्र ओलांडून इकडे आली, ती त्या वसुलीतून सुटली. आपल्या डब्यातला झिजका शिलिंग दुर्मीळ असेलच असं नाही, बहुधा नसतोच. पण वाचला, हे खरं.

नाण्यावरच्या अक्षरांकडेही बघा. राजाच्या नावापुढे लॅटिन शब्दांची आखूड रूपं असतात. त्यांतलं 'इंड इंप' म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट किंवा सम्राज्ञी. व्हिक्टोरियाने ही पदवी १८७६ मध्ये घेतली आणि आपल्या रुपयावर ती १८७७ पासून दिसते. इंग्लंडच्या स्वतःच्या नाण्यांवर ती यायला मात्र १८९३ उजाडलं. तिकडे राणी ही राणीच असावी, सम्राज्ञी नको, असं म्हणणारे पुष्कळ होते. ती गेली तीही सावकाश : १९४८ च्या नाण्यांवर 'इंड इंप' आहे, १९४९ च्या नाण्यांवर नाही. स्वातंत्र्यानंतर वर्षभर इंग्लंडची पेनी आपल्यावर राज्य करतच होती म्हणा ना. १९४८ आणि १९४९ चे दोन शिलिंग ही माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी जोडी आहे.

गिनीबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. खरी गिनी २१ शिलिंगांची, ती १८१४ नंतर पाडली गेली नाही. आपल्याकडच्या घरांत जिला गिनी म्हणतात ती बहुधा एक पौंडाची सॉव्हरिन, वजन ७.९९ ग्रॅम, सोनं २२ कॅरट. मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज असेल आणि साल १९१८ असेल, तर घोड्याखालच्या जमिनीवर भिंगाने बघा. तिथे छोटं 'आय' अक्षर दिसलं तर ती मुंबईला पाडलेली आहे. फक्त त्या एका वर्षी, युद्धाच्या त्याच टंचाईत, मुंबईत सॉव्हरिन पडल्या. कडी लावून माळेत ओवलेल्या असल्या की संग्राहक नाक मुरडतात. मला मात्र कडी लावलेली गिनीच जास्त आवडते, कारण ती आपल्या घरात राहून गेलेली असते.

एक सावधगिरी. मुकुट घातलेला राजा किंवा सिंह दिसला म्हणजे नाणं इंग्लंडचं असं नव्हे. गोव्याच्या आणि कोकणाच्या घरांत ईस्ट आफ्रिकेचे शिलिंग बरेच निघतात. नैरोबी, झांझिबार, कंपाला इथे आपली माणसं कामाला होती. त्यावर सिंह आणि डोंगर असतात, देशाचं नाव लिहिलेलं असतं, वजन जवळपास ७.८ ग्रॅम आणि चांदी फक्त चतुर्थांश. गंमत अशी की तिथे त्याआधी आपलाच रुपया चालत होता. १९२० च्या सुमारास चांदीबरोबर रुपयाचा भावही भडकला, तेव्हा तिथल्या सरकारने तो सोडून आधी फ्लोरिन आणि मग शिलिंग आणला. म्हणजे तेही नाणं याच गोष्टीतलं.

आता किमतीचं. १९३३ ची पेनी सापडली का, असं अधूनमधून कोणीतरी विचारतं. त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पडल्या, तो नाद सोडावा. त्यापेक्षा १९०५ चा शिलिंग किंवा हाफ-क्राऊन डोळ्यांत तेल घालून शोधा, ते कमी पडले होते आणि ओळखू न आल्यामुळे ढिगात राहतात. मात्र काहीही सापडलं तरी घासू नका. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, सगळं वर्ज्य. शंभर वर्षांत चढलेली काळी झाक पाच मिनिटांत जाते, आणि तिच्याबरोबर नाण्याची किंमतही. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत आपल्या पावसाळ्यात हिरवा चिकटा धरतो, त्यापेक्षा कागदी चौकट किंवा साधं कोरडं पाकीट बरं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात नाणीही येतात.

पाकिटावर साल आणि नाव तर सगळेच लिहितात. तुम्ही आणखी एक ओळ लिहा : हे नाणं कोणाच्या घरातून आलं, त्या घरातलं कोण कुठे नोकरीला होतं, आणि डब्यात त्याच्याबरोबर दुसरं काय होतं. सगळं एकदम ओतून, प्रकारवार लावून मग टिपायला बसलात तर ही ओळ मिळत नाही. डबा उघडला त्याच दिवशी, वरचं नाणं हलवायच्या आधी लिहा, आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवून लिहा.