फोडलेली बी

मार्च सरत आला की मालवण तालुक्यातल्या कातळावर बोंडूंचा आंबूस-गोड वास दाटतो आणि काजू कारखान्यांच्या दारात पोती येऊ लागतात. इथला छोटा कारखाना म्हणजे एक बॉयलर, पायाच्या कटरवर बसलेल्या पाच-दहा बायका आणि बी सुकवायला खळं. त्याचं सगळं वर्ष या दोन-अडीच महिन्यांच्या खरेदीवर उभं असतं. गराचा भाव बाजार ठरवतो, कारखानदाराच्या हातात उरते ती फक्त बीची पारख.

ही पारख मी शिकलो एका कारखान्याच्या ओट्यावर. मालक सुपात फोडलेल्या बिया मांडून बसले होते, शेजारी दुसऱ्या कारखान्याचा तरुण मालक. "आदी फोडून बघ, मगे दर बोल," एवढंच ते म्हणाले आणि अडकित्ता त्याच्या हातात दिला.

सुकलेली बी कानाशी हलवली तर खुळखुळते, हे पोरांनाही ठाऊक असतं. पण शंभर पोत्यांचा सौदा खुळखुळ्यावर होत नाही. पोत्याच्या तोंडातून, मधून, तळातून मूठ मूठ बी काढायची. ढीग मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत एक किलोवर यायचं. आधी बिया मोजायच्या. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी ७.७ ग्रॅमची, म्हणजे किलोत १३० च्या आसपास. वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची, म्हणजे शंभरच. ही दोन्ही वाणं वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं दिलेली, १९८१ आणि १९९७ साली. पश्चिम आफ्रिकेच्या मालात हा आकडा बहुधा १८० ते २०० असतो.

मग प्रत्येक बी उभी फोडायची. टरफलातलं तेल कातडी सोलतं, म्हणून हाताला राख लागते. चांगला गर एकीकडे, डागी आणि पोचट दुसरीकडे, किडका-कुजका बाहेर. डागी-पोचट गराचं वजन निम्मंच धरायचं. समजा चांगला २५५ ग्रॅम निघाला आणि डागी ३०, तर हिशेबात आले २७०. ऐंशी किलोच्या पोत्याला हे होतात २१.६ किलो, म्हणजे ४७.६ पाउंड. हाच आउटटर्न. आफ्रिकेची बी घेणारा मोठा व्यापारीही करारात हाच आकडा लिहितो, सोबत बियांची संख्या आणि ओलावा.

एका पाउंडाचा फरक सुपात दिसतही नाही. पण दहा टन माल म्हणजे १२५ पोती, आणि त्यावर १२५ पाउंड, म्हणजे जवळजवळ ५७ किलो गर कमी पडतो. छोट्या कारखान्याचा त्या गाडीतला नफा तेवढ्यातच संपू शकतो.

अशी विद्या माणूस सहसा लपवतो. दर लपवावा, तो ज्याच्या त्याच्या गाठीचा प्रश्न आहे. पण परीक्षा लपवणाऱ्याचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. एका एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस पडला. झाडाखाली भिजलेल्या, नीट न सुकवलेल्या बियांची एक गाडी ओट्यावर आली. फोडल्यावर गर मऊ, कडेला काळसर. मालकांनी ती परत पाठवली आणि कुणाला काही बोलले नाहीत. संध्याकाळी तीच गाडी त्या तरुणानं घेतली. पंधरा दिवसांत पोत्यांना बुरशी आली. पैसे बुडाले त्याचे. पण पुढच्या हंगामात भिजका माल पुन्हा त्याच रस्त्यानं आला, कारण तो खपतो हे विकणाऱ्याला कळलं होतं. आणि आता तो मालकांच्याही पोत्यांत चांगल्या बीखाली दडून येऊ लागला.

तेव्हापासून त्या दोघांनी एक ठरवलं. जो गाडी परत पाठवेल, त्यानं तिच्यातल्या मूठभर बिया फोडून, कागदाच्या पुडीत बांधून दुसऱ्याकडे पाठवायच्या. पुडीवर तीन आकडे: किलोतल्या बिया, आउटटर्न, ओलावा. दर लिहायचा नाही. मागच्या वैशाखात गेलो तेव्हा ओट्यावर अशा नऊ पुड्या होत्या, आणि त्यातल्या दोन तिसऱ्याच कारखान्यातून आलेल्या.