आडवा रेटा

भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. पायापासून त्याची उंची सुमारे 82 मीटर, म्हणजे पंचवीसेक मजली इमारतीएवढी. पण नवल उंचीचं नाही. प्रवरेचं पाणी आडवा रेटा देतं आणि ही दगडी भिंत तो जवळजवळ शंभर वर्षं झेलते आहे, याचं आहे.

पाणी 80 मीटर साठलं, तर तळाशी दर चौरस मीटरवर 80 टनांचा दाब येतो. भिंतीच्या लांबीतल्या प्रत्येक मीटरवर एकूण 3,200 टन! त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी, की जलाशय मागे दोन किलोमीटर पसरो की वीस, या आकड्यात फरक पडत नाही. दाब ठरतो फक्त खोलीवर. भिंत त्याला उत्तर देते ती निव्वळ वजनानं. पाणी पुढे ढकलतं, दगड खाली ओढतो, आणि दोघांचा मिळून होणारा तिरका जोर पायाच्या आतच जमिनीत उतरावा लागतो. म्हणून माथा अरुंद, पाया रुंद. 1969 मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती सुरू झाली, तेव्हाही पुढच्या अंगाला भक्कम टेकू बांधूनच ती सावरली.

आता मुंबईत, लोअर परळला. श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ हा निवासी मनोरा 442 मीटर उंच नेण्याचा बेत होता. भंडारदऱ्याच्या पाचपटीहून जास्त! विमानतळ प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही आणि तो 280 मीटरवर थांबला. इथे रेटा वाऱ्याचा. सेकंदाला 44 मीटर वेगाचं वादळसुद्धा चौरस मीटरवर जेमतेम 120 किलो दाब देतं. मग एवढी चिंता कशाला? कारण मनोऱ्याला धरणासारखं फाकून बसता येत नाही. आत माणसं राहणार, त्यांना उजेड हवा. रुंदी आणि वारा तेवढाच ठेवून उंची दुप्पट केली, तर पायथ्याशी उलथवणारा जोर चौपट होतो आणि माथ्याचं झुकणं सोळापट!

शिवाय वारा नुसता ढकलत नाही. मनोऱ्याच्या दोन्ही कडांवरून तो आळीपाळीनं भोवरे सोडतो, आणि इमारत वाऱ्याला आडवी डोलू लागते. भोवऱ्यांची लय इमारतीच्या डोलण्याशी जुळली, तर वेळेवर झोका दिलेल्या झोपाळ्यासारखं ते वाढत जातं. म्हणून लिफ्टभोवती काँक्रीटचा जाड गाभा उभारतात आणि काही मजल्यांवर तो बाहेरच्या खांबांशी जखडतात. तैपेईच्या ‘तैपेई 101’ मध्ये तर डोलणं शोषायला 660 टनांचा पोलादी गोळा टांगला आहे.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो घरांसाठीचा नियम. कार्यालयांपेक्षा निवासी मनोऱ्याला कमी डोलण्याची मुभा असते. पडण्याची भीती हे त्याचं कारण नाही. रात्री निवांत पडलेल्या माणसाला दिवसा न जाणवणारी हालचालही जाणवते, आणि इंजिनिअरला हिशेब करावा लागतो तो त्याच्या झोपेचा.