स्कूटीच्या भावात बोट!

‘विठ्ठलवाडीत राहून यॉट घेतेस?’ मैत्रिणीने डोळेच फिरवले. बॉस, यॉट नाही. छोटी शिडाची होडी, जिला डिंगी म्हणतात. तीही सेकंडहँड!

वेड बाबांचं. ते दाभोळ खाडीच्या काठी वाढलेले. 26 जुलै 2005 ला वालधुनी आमच्या तळमजल्याच्या घरात शिरली, तेव्हा मला खांद्यावर घेऊन जिना चढताना ते म्हणाले होते, ‘होडी असती तर!’ आई अजून ते ऐकवते. गेल्या वर्षी बाबा रिटायर झाले आणि दिवसभर टीव्हीसमोर. मला ते बघवेना.

शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली ती आपल्या कल्याणच्या खाडीत, दुर्गाडीपाशी. तरी शिडाची होडी म्हटलं की आपल्याला फॉरेनचे श्रीमंतच आठवतात!

आता कुठली घ्यायची? लेझर दिसायला भन्नाट, पण ती एकट्याने चालवायची. ऑप्टिमिस्ट मुलांची, जेमतेम साडेसात फुटी. फॅमिलीसाठी एंटरप्राइज बघा. सव्वातेरा फूट, जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरची 1956 ची, निळ्या शिडांची. चालवायला दोघं, वारा हलका असेल तर तिसरं माणूसही मावतं.

हार्बरला पाहिलेली पहिली बोट एकदम चकाचक. नवा पेंट. मी फिदा! बाबांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि बोट वाजवत निघाले. टण, टण, टण... आणि डोलकाठीच्या बुडाशी थप्प. म्हणजे आतून कुजलेलं किंवा थर सुटलेला. पेंटने ते झाकलं जातं, बरं होत नाही.

दुसरी दिसायला भंगार, पण नाणं सगळीकडे खणखणीत. बोट उलटली तरी तिला तरंगत ठेवणारे हवाबंद कप्पे असतात. त्यांची झाकणं उघडून हात घातला, तर कोरडे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवरून बाबांनी सुती रुमाल फिरवला. कुठे अडकला तर तार तुटायला लागलीय असं समजायचं. नाही अडकला. शीड मात्र नव्या नोटेसारखं करकरीत हवं, ते जुन्या धोतरासारखं मऊ निघालं, ठिगळासकट. त्यावरून बाबांनी अशी घासाघीस केली, की फायनल भाव माझ्या स्कूटीपेक्षा कमी!

थांबा, खरा खर्च पुढेच आहे. नवं शीड आज ना उद्या लागणार. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, नो आर्ग्युमेंट. आणि पार्किंग! सोसायटीत बोट लावू का विचारल्यावर सेक्रेटरी नुसतेच बघत राहिले. वालधुनीत सोडायची तर नाकाला क्लिप लावावी लागेल. म्हणून बोट हार्बरलाच, एका क्लबच्या आवारात, भाड्याने. पैसे मोजण्याआधी ही जागा पक्की करा, आणि रजिस्ट्रेशनचं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे विचारा. क्लासही लावा. ‘मला काय शिकवणार?’ म्हणून बाबा कुरकुरले. पहिल्याच दिवशी बोट उलटली, मग गप्प.

जून ते सप्टेंबर हार्बरमध्ये सेलिंग बंद असतं. ओलं शीड बुरशी धरतं, म्हणून ते वाळवून आमच्या पलंगाखाली ठेवलंय. टीव्ही चालूच असतो, पण बाबा जमिनीवर बसून ठिगळ उसवून नवं शिवत असतात. परवा आईने सहजच विचारलं, ‘तिघं मावतात ना नक्की?’