संगणकाचे दार

समजा, प्रयोगशाळेतील एका संगणकावर तापमानाच्या नोंदी आहेत आणि त्या तुम्हाला शेजारच्या संगणकावर पाहायच्या आहेत. तारजोडणी ठीक आहे, प्रोग्रॅमही चालू आहे, तरी नोंदी दिसत नाहीत! अडवतो कोण? बहुधा फायरवॉल, म्हणजे संगणकाचा द्वारपाल.

येणाऱ्या प्रत्येक संदेशावर एक क्रमांक असतो. त्यावरून संदेश कोणत्या प्रोग्रॅमकडे द्यायचा, हे ठरते. या क्रमांकाच्या दाराला ‘पोर्ट’ म्हणतात. क्रमांक १६ बिटांत लिहितात, म्हणून तो ० ते ६५,५३५ असू शकतो.

आपला प्रोग्रॅम ८००० क्रमांकावर असेल, तर उबुंटू प्रणालीत पुढील आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकित करावी : ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ८०००/टीसीपी’. ‘सुडो’ने व्यवस्थापकाचा अधिकार मिळतो, ‘अलाउ’ म्हणजे येऊ दे.

पण या दारातून मग कोणीही येऊ शकतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्रॅम विंडोजमधील दोषाचा फायदा घेत ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून जगभर पसरला. म्हणून शिक्षकांना विचारूनच दार उघडा आणि काम संपताच ‘अलाउ’च्या आधी ‘डिलीट’ घालून तीच आज्ञा द्या. दार लावल्याशिवाय प्रयोग पूर्ण झाला, असे समजू नका.