जमीन परत करणारे कायदे आणि देवस्थानाचा पुरावा : रसायनी परिसराच्या संदर्भात

कर्जत-खालापूर तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांच्या दृष्टीने ‘जमीन परत मिळणे’ याचे दोन अर्थ संभवतात. एक, हातची गेलेली शेतजमीन पुन्हा नावावर होणे; दुसरा, देव, पाणवठा व दफनभूमी ज्या डोंगरावर आहे त्यावरील हक्क मान्य होणे. महाराष्ट्रात पहिला अर्थ कायद्याने आधी स्वीकारला.

अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा 1974 चा राज्य अधिनियम 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातील हस्तांतरणांना लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो वैध ठरविला. परंतु 6 जुलै 1974 पर्यंत बिगरशेती झालेली जमीन त्यातून वगळलेली होती आणि रसायनीत हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सची स्थापना 1960 मधील आहे. शिवाय जे परत करावयाचे, ते आधी नावावर असावे लागते. कातकऱ्यांपैकी बहुतेकांकडे सात-बाराच नव्हता. वनातील दळी जमिनी ते कसत, तीही सरकारी परवानगीवर.

ही उणीव 2006 च्या वनहक्क अधिनियमाने काही अंशी भरून काढली. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा, कमाल 4 हेक्टर, पती-पत्नी दोघांच्या नावे अहस्तांतरणीय हक्क, हा भाग सर्वपरिचित आहे. कमी चर्चिला जातो तो 2008 च्या नियमांतील पुराव्याचा भाग. विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थाने ही वहिवाटीचे प्राचीनत्व सिद्ध करणारी साधने म्हणून तेथे मान्य आहेत. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे आपल्याकडे देवस्थान हे मुख्यतः दाव्याचे साधन ठरते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीसाठीच्या 1976 च्या कायद्यात मात्र पवित्र स्थळाशी असलेले आध्यात्मिक नाते हेच पारंपरिक मालकीच्या व्याख्येत समाविष्ट आहे. आपल्या अधिनियमात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद म्हणजे आदिम जमातींचा अधिवासावरील सामूहिक हक्क. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक असल्याने तो त्यांना मागता येतो. वैयक्तिक दाव्यांच्या धांदलीत त्याकडे दुर्लक्ष होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीबाहेर आहे. त्यामुळे 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले परंपरारक्षणाचे अधिकार येथे लागू होत नाहीत. म्हणून 2012 च्या सुधारित नियमांनुसार पाड्या-वस्त्यांची यादी करताना वाडीची नोंद होणे निर्णायक ठरते. ती न झाल्यास वाडीच्या देवाची जागा कोणती, याचा ठराव मूळ गावाच्या ग्रामसभेत होतो आणि तेथे वाडीकर बहुधा अल्पसंख्य असतात.