कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपला धंदा : काम यंत्राचे, जबाबदारी आपली

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आता इंग्रजी वर्तमानपत्रांपुरता राहिलेला नाही. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकांपासून मोहल्ल्यातल्या शिलाईच्या दुकानापर्यंत सर्वत्र त्याची चर्चा आहे. मुलगा मोबाईलला मराठीत किंवा उर्दूत प्रश्न विचारतो आणि मोबाईल त्याच भाषेत उत्तर देतो. हे पाहून कोणी म्हणतो, आता मुनीम ठेवायची गरज उरली नाही. कोणी म्हणतो, सगळे यंत्रच करणार असेल तर मुलांना हुनर शिकवून काय उपयोग? आमच्या मते या दोन्ही बोलण्यांत घाई आहे. हे यंत्र काय करते, अशा यंत्रांनी पूर्वी कारागिरांचे काय केले आणि आपण त्याच्याकडून काय घ्यावे, काय घेऊ नये, याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

हे यंत्र करते तरी काय?

कोणी 'अस्सलामु अलैकुम' म्हटले की पुढचे शब्द कोणते येणार, हे लहान मूलही सांगते. त्याने व्याकरण शिकलेले नसते. हजार वेळा ऐकलेले असते, म्हणून सांगते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी नावाचे जे यंत्र लोकांसमोर आले आणि त्यानंतर तशी जी अनेक यंत्रे निघाली, ती मुळात हेच काम करतात. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यांना वाचायला दिलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब ती शिकतात आणि शब्दामागून शब्द मांडत उत्तर तयार करतात. चित्रे काढणारी यंत्रेही अशीच असंख्य चित्रे पाहून तयार झाली आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जे काम हजारो लोकांनी हजारो वेळा लिहून ठेवले आहे, ते हे यंत्र झटपट आणि बरेचसे चांगले करते. दोन, संभव म्हणजे सत्य नव्हे. यंत्राला उत्तर ठाऊक नसले तरी ते गप्प बसेलच असे नाही. खऱ्यासारखे दिसणारे काहीतरी ते मांडू शकते, आणि तेही तितक्याच आत्मविश्वासाने.

या विद्येशी आपले नाते

हे सारे परक्यांचे आहे, अशी एक समजूत आपल्यात आहे. वस्तुतः संगणकाच्या प्रत्येक कामामागे जी पायरी-पायरीची कृती असते तिला 'अल्गोरिदम' म्हणतात, आणि हा शब्द अल्-ख्वारिज्मी या नावाच्या लॅटिन रूपापासून आला आहे. मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी हे नवव्या शतकात खलीफा मामून यांच्या काळी बगदादमध्ये काम करणारे गणिती होते. बीजगणितावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ वारसाहक्काची वाटणी, जमिनीची मोजणी, खटले आणि व्यापार यांत लोकांना लागणारा हिशेब सोपा व्हावा म्हणून लिहिलेला होता. म्हणजे या विद्येचा उगम व्यापारी आणि वारसदार यांच्या रोजच्या गरजेतून झाला.

दुसरे नाते मागाचे आहे. १८०४ साली फ्रान्समधील लिऑन या रेशमाच्या शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग तयार केला. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. बनारसी साडीच्या अनेक मागांवर ही पत्त्यांची माळ आपल्या विणकरांनी पाहिलेली आहे. त्याच पत्त्यांची कल्पना १८३० नंतर इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. १८९० साली अमेरिकेची जनगणना भोकांच्या पत्त्यांवरच मोजली गेली. पुढे संगणकालाही अनेक वर्षे असेच पत्ते लागत असत. तेव्हा आपल्या विणकराच्या दृष्टीने संगणक हा मागाच्या खानदानातलाच एक मुलगा आहे.

मात्र जकार्ड मागाने आणखी एक गोष्ट केली. पूर्वी मागाजवळ नक्षीचे धागे ओढणारा एक मुलगा लागत असे. पत्ते आले आणि त्याचे काम गेले. विणकर राहिला.

कातिबांचे काय झाले?

आपल्या समाजाने असा बदल डोळ्यांदेखत पाहिला आहे. मराठी मजकूर खिळ्यांनी छापला जात होता, त्या काळात उर्दू वर्तमानपत्रे व पुस्तके मात्र कातिब हाताने लिहीत. कारण नस्तालीक लिपीत अक्षर जागेनुसार रूप बदलते, शब्द उतरत्या चालीने बसतो आणि जोडअक्षरांच्या आकृत्या हजारो होतात. त्या खिळ्यांत नीट बसत नव्हत्या. म्हणून प्रत्येक पान कातिबाच्या कलमातून उतरे आणि मग छापायला जाई. ही विद्या उस्तादाकडे वर्षानुवर्षे बसून मिळवावी लागे.

१९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाईप कंपनीच्या साहाय्याने 'नूरी नस्तालीक' तयार केली. सुमारे २० हजार जोडआकृत्या लिहून त्या यंत्रात घातल्या गेल्या. ते यंत्र महाग होते, म्हणून आपल्याकडच्या कातिबाला लगेच धक्का बसला नाही. १९९४ नंतर 'इनपेज' आले, साध्या संगणकावर उर्दू पान लावता येऊ लागले आणि मग थोड्याच वर्षांत चित्र पालटले.

या बदलाचा फायदा झाला नाही असे कोण म्हणेल? पुस्तके लवकर निघू लागली, चूक दुरुस्त करायला पान पुन्हा लिहावे लागेनासे झाले आणि लहान प्रकाशकालाही छपाई परवडू लागली. पण कातिबाचे काय? काहीजण संगणकावर बसायला शिकले. त्यांना पानाची बांधणी, ओळीचा तोल आणि भाषेची शुद्धता आधीच ठाऊक होती, म्हणून नव्या माणसापेक्षा त्यांचे काम उजवे ठरले. काहीजण मथळे, मशिदींचे फलक आणि लग्नपत्रिका यांवर टिकून राहिले. बाकीच्यांनी दुसरा धंदा धरला.

आम्हाला यात एक बोध दिसतो. अक्षरे उमटवणे हे काम यंत्राने घेतले. पान चांगले आहे की वाईट, शब्द बरोबर आहे की चुकला, हे ठरवून त्यावर आपले नाव लावणे हे काम ज्याने आपल्याकडे ठेवले, त्याची रोजी टिकली.

नफा कोणाच्या खिशात?

यंत्राने उत्पादन वाढते हे खरे. पण वाढलेला नफा कोणाकडे जातो, हा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंडमध्ये १८११ ते १८१३ या काळात मोजे व कापड विणणाऱ्या कारागिरांनी यंत्रे फोडली. त्यांना 'लुडाईट' म्हणत आणि आज यंत्राला विरोध करणाऱ्या प्रत्येकाला हेच नाव देऊन हसण्याची रीत आहे. वस्तुतः त्यांच्यापैकी मोजे विणणारे स्वतः यंत्रावरच काम करीत होते. मालक न शिकलेली माणसे कमी मजुरीत बसवून हलका माल काढतात आणि त्यामुळे आमची मजुरी आणि मालाची अब्रू दोन्ही बुडते, ही त्यांची तक्रार होती. सरकारने १८१२ साली यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा लावली. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क शहरात १७ जणांना फाशी झाली.

२०२४ सालचा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार ज्या तिघांना मिळाला, त्यांच्यापैकी डॅरन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी २०२३ साली एक ग्रंथ लिहून हाच मुद्दा मांडला आहे. यंत्राचा लाभ मजुरापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचेल अशी व्यवस्था माणसांना करावी लागते, आणि इंग्लंडमध्ये त्याला कित्येक दशके लागली.

ही गोष्ट मोठ्या कारखानदारांपुरती नाही. आपल्या दुकानातला लिहिणारा मुलगा जे काम दिवसभरात करीत होता ते यंत्राच्या मदतीने तासाभरात करू लागला, तर त्याला काढून टाकायचे की उरलेल्या वेळात वसुली, नवे ग्राहक, मालाची तपासणी शिकवायची, हे मालकाच्या हातात आहे. मजुराचा हक्क वेळेवर आणि पुरता देण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण यंत्र आल्याने रद्द होत नाही.

यंत्राकडून काय घ्यावे?

व्यापारी बंधूंनी पुढील कामांसाठी या यंत्राचा उपयोग जरूर करून पाहावा. परगावच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत किंवा हिंदीत पत्र लिहिणे, मालाची माहिती तयार करणे, आलेली सरकारी नोटीस सोप्या मराठीत समजून घेणे, दरपत्रकाचा कच्चा मसुदा करणे, नक्षीच्या नव्या कल्पना पाहणे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेली 'भाषिणी' ही योजना भारतीय भाषांतील भाषांतरासाठीच आहे. इंग्रजी येत नाही म्हणून ज्याचा माल तालुक्याबाहेर गेला नाही, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे.

पण मसुदा म्हणजे सही केलेला कागद नव्हे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे न तपासता न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. दुसरे उदाहरण कॅनडातील. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील यंत्राने आजीच्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. कंपनीने सवलत नाकारली आणि यंत्र आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, असा बचाव केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावले. दुकानात बसवलेले यंत्र जे बोलेल ते दुकानदाराचेच बोलणे धरले जाईल, हा त्याचा अर्थ.

म्हणून कराच्या नोटिशीचे उत्तर, भागीदारीचा करारनामा, औषधाचे प्रमाण या गोष्टी जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नयेत. मीरासची वाटणी आणि जकातीचा प्रश्नही आलिमालाच विचारावा. अडीच टक्के काढणे यंत्राला जमेल, पण कोणते येणे धरायचे आणि कोणते सोडायचे याचा फतवा यंत्राने देऊ नये आणि आपण घेऊही नये.

आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी

धंद्यात आपण आवाजावर विश्वास ठेवतो. फोनवर शब्द झाला की माल निघतो. आता थोड्याशा नमुन्यावरून कोणाचाही आवाज आणि चेहरा बनवता येतो. २०२४ च्या सुरुवातीस हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना 'पाहून' सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले ते चेहरे बनावट होते.

तेव्हा भावाचा, मुलाचा किंवा ठरलेल्या व्यापाऱ्याचा घाबरा आवाज आला आणि तातडीने पैसे मागितले, तर फोन ठेवावा आणि आपल्याकडे असलेल्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. तसेच फुकटच्या यंत्रात ग्राहकांची यादी, आधार-पॅन क्रमांक, खरेदीचे भाव आणि बाजारात न आणलेली नक्षी टाकू नये. घरची वही आपण शेजारच्या दुकानदाराला दाखवत नाही, मग ती अनोळखी कंपनीच्या हाती का द्यावी?

हुनर कुठे उरतो?

मिरजेच्या सतारी व तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचा सूर आता यंत्रातूनही निघतो. पण वादक आपली सतार घेऊन कारागिराकडे येतो तो जवारीसाठी. घोडीचा वरचा भाग कानसेने किंचित घासत, तार छेडत, पुन्हा घासत कारागीर जवारी काढतो. कोणाला ती खुली हवी असते, कोणाला बंद. समोरचा माणूस ऐकून, त्याला काय हवे ते ओळखून ती लावली जाते, आणि बिघडली तर तो माणूस त्याच दारात परत येतो. हे परत येण्याचे दार हीच कारागिराची खरी पुंजी आहे. शिंप्याकडे बेतलेला कपडा, अत्तरवाल्याने हातावर लावून दाखवलेला नमुना, लोहाराने दिलेली धार यांचेही तेच.

मुलांना यंत्र शिकवावे आणि हुनरही शिकवावा. नुसते यंत्र शिकलेल्याला त्याची चूक ओळखता येणार नाही आणि नुसता हुनर शिकलेल्याचा माल गल्लीबाहेर जाणार नाही.

मापात खोट करणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. ती ताकीद तराजूला नाही, तराजू धरणाऱ्याला आहे. दांडीचा काटा गेला, इलेक्ट्रॉनिक काटा आला, तरी जाब देणारा तोच राहिला. उद्या पत्र यंत्राने लिहिले, भाव यंत्राने काढला, ग्राहकाशी यंत्र बोलले, तरी अल्लाहसमोर आणि ग्राहकासमोर उभे राहायचे आहे ते आपल्यालाच. जो व्यापारी हे ध्यानात ठेवून यंत्र वापरील त्याच्या धंद्यात इन्शाअल्लाह बरकतही राहील आणि अब्रूही राहील.